संथ, नंबर दोन

पर्थहून पुतण्याचं पत्र आलंय:
आत्याची तीन रेकॉर्डिंगं तुमच्याकडे आहेत म्हणे,
त्यातलं सगळ्यात चांगलं एक पाठवा.
एक.
जसा काही रावेरला जाऊन केळीचा घड निवडायचाय.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.
मे महिन्यात भुसावळला दुपारी गिऱ्हाईक येत नाही,
आलंच तर पाणी मागायला.
एकाहत्तरचा स्पूल, वडलांनी केलेला.
अठ्ठ्याऐंशीची कॅसेट.
आणि दोन हजार चारचं, माझं.
तिन्हींवर थेल्माबाईंच्या किरट्या अक्षरात तेच:
संथ, नंबर दोन.
कुणा जर्मन माणसाची चीज. नाव बाईंनी सांगितलं होतं,
मी हो हो म्हणत विसरलो.

पियानोही तोच, रेल्वे इन्स्टिट्यूटमधला,
मुंग्यांसाठी पायांखाली रॉकेलच्या वाट्या ठेवलेला.
त्याची मधली एक पट्टी दाबली की
उठायला जरा वेळ घ्यायची,
जेवण झालेल्या माणसासारखी.

पहिलं ऐकणारे सगळे म्हणत,
काय धावायची हो बोटं तरुणपणी!
मलाही तीस वर्षं तसंच वाटलं.
दुसरं ऐकताना हळहळायचो,
की ड्रायव्हर बाप गेला, भाऊ देश सोडून गेला,
बाई एकटी पडली, बोटं जड झाली.
गोष्ट कशी छान जुळत होती.

आज पहिल्यांदाच तिन्ही पाठोपाठ लावली
आणि खटकलं:
पहिल्यातला पियानो अर्ध्या सुरानं वर आहे.
पियानो आपणहून असा चढत नाही.
चढवणार कोण? ट्यूनर वर्षातून एकदा नागपूरहून यायचा,
तोही पास मिळाला तर.
मग वडलांचं बोलणं आठवलं. व्होल्टेज!
संध्याकाळी दिवे पिवळे पडत, मोटर रडत फिरे.
त्या दिवशी टेप सावकाश ओढली गेली,
म्हणून आज पुऱ्या विजेवर
बाई धावते.

बटण चिमूटभर मागे घेतलं.
सूर जागेवर बसला.
घड्याळ लावलं: पाच मिनिटं चाळीस सेकंद.
अठ्ठ्याऐंशी: पाच चाळीस.
दोन हजार चार: पाच बेचाळीस,
दोन सेकंद त्या पट्टीचे धरू.
म्हणजे बाई कधी थकलीच नव्हती.
किंवा पहिल्या दिवसापासून थकलेली होती.
एवढं मशीन सांगत नाही.

शेवटाच्या जरा आधी ती थांबते.
हात वर, पट्ट्यांना न टेकलेले.
पहिल्यात त्या जागेत
लांब कुठंतरी वाफेचं इंजिन पाणी घेतंय.
दुसऱ्यात यार्डात डब्यावर डबा आदळतो,
नेमका, जणू तसं लिहिलेलंच होतं.
तिसऱ्यावेळी तिनं आधीच बजावलं होतं,
'भारंबे, पंखा बंद कर. तो ताल देतो, चुकीचा.'
चव्वेचाळीस डिग्रीत, पंख्याविना,
ती थांबली
आणि मी खोकलो.

खोकला कापता येतो. मुलाला सांगितलं तर
कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम.
तेवढा तुकडा शोधायला म्हणून
हेडफोन लावून पुन्हापुन्हा तिथंच जात राहिलो.
खोकल्याआधी तिचा एक श्वास आहे.
खोकला संपतो.
मग आणखी एक श्वास, जो बाकी दोन्हींत नाही.
आणि मगच हात खाली येतात.
पट्टी बिचारी वेळेवर उठली होती.
ते दोन सेकंद माझे होते.

पर्थला कॅसेट पाठवतोय, अठ्ठ्याऐंशीची.
चांगलीच आहे ती.

शटर वर केलं तर नेहेतेंचा पोरगा उन्हात उभा,
डोक्यावर ओला रुमाल, हातात रिमोट.
म्हणे, काका, केव्हाचा वाजवू राहिलो,
ऐकू नाही आलं का?